दाढ आणि डाळिंबाचं पान

आमच्या घरात दातांच्या डॉक्टरकडे जाणारी मी पहिली. कॉलेजात जाणारीही मीच पहिली, पण तेव्हा कुणी एवढं घाबरलं नव्हतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. सांगवीच्या एका मैत्रिणीबरोबर बारामतीत खोली घेऊन राहत होते. एका सकाळी उठले तर तोंड उघडेना. डावीकडे खाली, अगदी मागे, जिथे जीभही नीट पोचत नाही तिथे ठणका लागला होता. मी लवंग धरली, मिठाच्या चुळा भरल्या, वर्गात गाल तळहातावर टेकवून बसू लागले.

"अशी बसत जाऊ नकोस," मैत्रीण म्हणाली. "सरांना वाटतं तू लई विचार करतीयस. मग तुलाच प्रश्न विचारतात."

शेवटी तिनेच मला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर एक बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी एक्स-रे काढला. अक्कलदाढ सरळ वर यायच्या ऐवजी आडवी पडून शेजारच्या दाढेला टेकली होती, आणि तिच्यावरची हिरडी सुजली होती. "सूज आहे तोवर हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "आधी गोळ्या पूर्ण कर. सूज उतरली की काढू. त्या दिवशी नीट जेवून ये आणि घरचं कुणीतरी सोबत आण."

मला एक गोष्ट विचारायची होती. ती अगदी ओठांपर्यंत आली होती. पण मी विज्ञान शिकणारी मुलगी, समोर डॉक्टर, शेजारी मैत्रीण. मी गोळ्यांची पिशवी उचलली आणि बाहेर आले.

मला विचारायचं होतं ते एवढंच, की दाढ काढली की नजर जाते का?

हे वाचून कुणी हसेल. पण आमच्या गावी, कळसच्या वस्तीवर ही शंका नव्हती, ठाऊक असलेली गोष्ट होती. माझ्या आईच्या मावशीने दाढ काढली आणि वर्षाच्या आत तिचा डोळा पांढरा झाला. आईने तो डोळा स्वतः बघितला होता. मी पुस्तकात दातांच्या आणि डोळ्यांच्या नसांची चित्रं बघितली होती, परीक्षेत ती काढलीही होती. तरी आईच्या मावशीचा डोळा त्या चित्रांपेक्षा मला जास्त खरा वाटायचा.

आणि आमच्या घरात डोळ्यांची गोष्ट साधी नव्हती.

आमची डाळिंबाची बाग आहे. डाळिंबाला तेल्या नावाचा रोग पडतो. पहिल्यांदा पानावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका येतो. पान उन्हाकडे धरलं तर तो तेल लागल्यासारखा पारदर्शक दिसतो. त्या वेळी सापडला तर फांदी छाटून जाळता येते. फळावर डाग येईपर्यंत कळलं नाही तर हंगाम हातचा गेला. तो पहिला ठिपका माझ्या आईला दिसतो. चालता चालता ती थांबते, एक पान खुडते, डोळ्यासमोर वर धरते आणि म्हणते, "आला गं बाई." आजूबाजूच्या बागांतून तिला बोलावणं येतं. वस्तीवरचे एक आबा आहेत, ते कुणाच्या बापाला काही विचारत नाहीत. तेसुद्धा बहार धरला की बांधावर येऊन म्हणतात, "सूनबाई, येक चक्कर टाकून जा माज्या बागंत." आप्पा म्हणजे माझे वडील. ते आल्यागेल्याला सांगतात, "आमच्यात दुर्बीण हाय, पण भाड्यानं द्यायची न्हाय."

त्याच आईची उजवीकडची खालची दाढ किडून अर्धी उरली होती. किती वर्षं, ते मला सांगता येणार नाही. मला कळायला लागल्यापासून ती भाकरी कालवणात मऊ करून एकाच बाजूने चावत होती. ठणका वाढला की तिथे तंबाखूच्या मिश्रीची चिमूट दाबायची, पदर गालावरून डोक्याला आवळून बांधायची आणि बागेत जायची. दवाखान्याचं नाव काढलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं. "दाढंबिगर खाता येतंय. डोळ्याबिगर मला कोन इचारील?"

म्हणून मी घरी येऊन माझ्या दाढेचं सांगितलं, तेव्हा तिने आधी माझा गाल चाचपला. मग म्हणाली, "तू शिकल्याली. तुला काय वाटतं? जातेत का डोळं?"

मोबाइल असो, बँकेचं काम असो, खताच्या पिशवीवरचं लिहिलेलं असो, घरात माझा शब्द शेवटचा असतो. त्या दिवशी मला छातीवर हात ठेवून "नाही" म्हणता आलं नाही. "नसावेत," मी म्हणाले.

"नसावेत म्हंजी?"

"म्हणजे मी मॅडमना विचारते."

"मंग इचारलं का न्हाईस?"

आई उठली. "चल बागंत," ती म्हणाली.

मला वाटलं, काही काम असेल. बागेत तिने या झाडाची, त्या झाडाची अशी मूठभर पानं खुडली आणि माझ्या ओंजळीत टाकली. "धर उनाकडं येकेक. तेल्याचं कंचं, सांग."

मी एकेक पान वर धरून बघितलं. तीन बाजूला काढली.

"ही नुसती धूळ हाय. ह्यो फवारनीचा डाग. ह्ये तेवडं बराबर." मग तिने कालव्यापलीकडच्या विजेच्या खांबाकडे बोट केलं. "तितं काय बसलंय?"

"पारवा."

"व्हला हाय, पारवा न्हाय." ती सुस्कारा टाकून म्हणाली, "दाढ जाग्यावर हाय तवाच ही गत."

ठिबकची नळी दुरुस्त करत बसलेले आप्पा हे सगळं ऐकत होते. "आगं, पोरीची दाढ काढायचीय का तिला पोलीस भरतीला धाडायचीय?"

"तुमी गप बसा," आई म्हणाली. "आदी किती दिसतंय ते ठावं नसलं, तर मागनं किती गेलं ते कसं कळनार?"

आप्पा हसले. मला हसू आलं नाही. आमचे प्रॅक्टिकलचे सर वर्षभर हेच ओरडून सांगत होते, की आधीचं माप घेतलं नसेल तर नंतरच्या मापाला काही अर्थ नाही. वर्गातले अर्धे जण तरी ते विसरायचे. माझी आई चौथीत शाळा सुटलेली. तिने ते डाळिंबाच्या झाडाखाली आपलं आपण करून टाकलं होतं. मला आतून फार बरं वाटलं.

दाढ काढायच्या दिवशी सोबत आईच आली. लग्नाकार्याला नेसते ती साडी तिने नेसली होती. मला पहाटे तिने एवढं जेवायला घातलं, की वालचंदनगरपर्यंत वडापच्या जीपमध्ये बसवत नव्हतं. दवाखान्यात मॅडमनी एक्स-रेची काळी फिल्म बाहेर काढली, तशी आईने हात पुढे केला. "बगू का?" तिने ती घेतली, खिडकीकडे वळून उजेडात धरली, एक डोळा बारीक केला. अगदी पान धरते तशी.

"ही आडवी पडल्याली व्हय?"

"हो, तीच," मॅडम म्हणाल्या.

"बाकीची समदी हुभी हायती. हिलाच जागा घावली न्हाय."

मॅडम हसल्या. त्या हसण्याने मला धीर आला की काय, माहीत नाही. मी एकदम बोलून गेले, "मॅडम, दाढ काढल्यावर नजर कमी होते का?" माझे कान तापले. पण विचारलं.

मॅडमना त्याचं काही वाटलं नाही. "रोज कुणीतरी विचारतं," त्या म्हणाल्या. "नाही होत. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. म्हातारपणी दात जातात आणि म्हातारपणीच मोतीबिंदू होतो. दोन्ही एकाच वयात आलं की माणसं त्यांची गाठ मारतात."

आईने मान हलवली. पण ती मान मला ओळखीची होती. औषधं विकायला येणाऱ्या कंपनीच्या माणसापुढे ती अशीच हलवते. म्हणजे ऐकलं, पटलं असं नाही.

आतलं फार सांगण्यासारखं नाही. इंजेक्शनचं टोचणं, मग गाल, ओठ, अर्धी जीभ दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. दुखत नव्हतं, पण आवाज ऐकू येत होते आणि जबड्यावरचा जोर कळत होता. मॅडम प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायच्या. "आता पाण्याचा आवाज येईल. आता दाबल्यासारखं वाटेल." दाढेचे तुकडे करून त्या काढत होत्या. मी छताकडे बघत राहिले आणि एका कोपऱ्यातल्या कोळ्याच्या जाळ्याचे धागे दिसतायत का ते बघत राहिले. दिसत होते.

कापसाचा बोळा दाताखाली धरून बाहेर आले, तर बाकावर बसलेली आई झटकन उभी राहिली. "दुखतंय का" वगैरे काही नाही. तिने माझ्या तोंडासमोर हात धरला आणि बोटं वर केली. "किती?"

मला बोलता येत नव्हतं. मी तितकीच बोटं वर करून दाखवली.

"आन् आता?"

पुन्हा दाखवली. बाकावरची सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, "डोक्याला मार लागला वाटतं पोरीच्या."

परतीच्या वडापमध्ये आईने पहिल्यांदा सगळ्या गाडीला सांगून टाकलं, "तिच्याशी कुनी बोलू नगा. म्याडमनी बोळा घट धरायला सांगितलाय. आन् थुकायचं न्हाय." आमच्याकडे तोंडात रक्त आलं की माणूस पहिल्यांदा थुंकतो, थुंकतच राहतो. मॅडमनी बजावलं होतं की थुंकलं, नळीने ओढून काही प्यायलं, तर जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघते आणि मग खरं दुखणं सुरू होतं. आईने ते शब्दन्‌शब्द लक्षात ठेवलं होतं. पटलं नव्हतं ते फक्त डोळ्यांचं.

दुसरी पंचाईत मॅडमनी सांगितलेल्या थंड खाण्याची झाली. आजारी माणसाला थंड द्यायचं, हे आमच्या चुलीला माहीत नव्हतं. "ताप आल्याल्या मानसाला कुनी आइस्क्रीम देतं व्हय?" आई म्हणाली. "ताप नाही आला," असं मी मोबाइलवर लिहून दाखवलं. आप्पा वाचून दाखवायचे आणि वर आपलं काहीतरी जोडायचे. "ती म्हनतीया, आप्पांनाबी द्या आइस्क्रीम." शेवटी गार केलेली ज्वारीची आंबील, केळ्याचं शिकरण आणि कालवलेला ताकभात यांवर तडजोड झाली. बघायला येणारं प्रत्येक माणूस बिस्किटाचा पुडा घेऊन यायचं. मला एकही खाता येईना. आप्पांचा चहा मात्र त्या दिवसांत फार जोरात चालला.

चुलती आली ती मिश्रीची डबी घेऊनच. "तोंड उघड बाय, चिमूटभर दाबती. रगात लगीच थांबतंय."

मी आईकडे बघितलं. ती स्वतः इतकी वर्षं तेच करत आली होती. तिने डबी चुलतीच्या हातून घेतली, झाकण लावलं आणि परत दिली. "नगं जाऊबाई. म्याडमनी न्हाय सांगितलंय."

"आन् तू गं?"

"माजं येगळं," आई म्हणाली आणि आत गेली.

मग सूज वाढली. ती वाढते, दोन-तीन दिवस वाढून मग उतरते, हे मॅडमनी सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. गाल फुगून वर चढला आणि त्याच्या रेट्याने डावा डोळा बारीक दिसायला लागला. सकाळी आई चहा घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि चहा तसाच हातात धरून उभी राहिली.

"डोळा बारीक झालाय," ती म्हणाली.

"गालामुळे," मी तोंडातल्या तोंडात म्हणाले. "दिसतंय मला नीट."

"मी सांगितलं हुतं," असं ती म्हणाली नाही. त्या दिवशी ती न जेवता बागेत गेली. येताना पदर गालावरून आवळलेला होता. तिची दाढ उठली होती. मी अंथरुणावरून बघत होते. माझा डोळा गेला तर काय, ही भीती तिच्या तोंडावर होती. पण मला त्याच्या मागचंही दिसत होतं. माझ्या सुजलेल्या गालाबरोबर तिच्यासाठी दवाखान्याचं दार बंद होत चाललं होतं. तिची दाढ आता कधीच निघणार नव्हती. ती मिश्री दाबणार, पदर बांधणार, आणि भाकरी मऊ करत राहणार.

मी उठले. डोक्यावर ओढणी घेतली. "चल बागेत," मी म्हणाले.

"येड लागलंय का? वारं लागंल."

"चल ना. पानं दे मला."

मग ती पुढे चालू लागली. या वेळी ती नेहमीच्या ओळीत थांबली नाही. पार कालव्याच्या कडेच्या झाडांपर्यंत गेली, तिथली पानं खुडली, आणि माझ्या हातात दिली. मी उजवा डोळा हाताने झाकला आणि फक्त डाव्या, त्या बारीक झालेल्या डोळ्याने एकेक पान उन्हाकडे धरून बघितलं. दोन पानं काढून तिला दिली.

तिने ती वर धरली. बराच वेळ धरली. "दोनी बराबर," ती म्हणाली. "येकबी चुकलं न्हाय." तिचा चेहरा पार उजळला. "आगं, नजर वाढली का काय तुजी!"

तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. मी गप्प बसले असते तर ती दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात आली असती, असं मला वाटलं. पण ते खरं नव्हतं. दाढेने माझी नजर वाढली नव्हती. गेल्या खेपेला ती काय बघते ते मला कळलं होतं. धूळ पुसली जाते, फवारणीचा डाग वरवर असतो, आणि तेल्याच्या ठिपक्यातून उजेड आरपार येतो. मी चाचरत, सुजलेल्या तोंडाने, हे सगळं तिला सांगितलं. "नजर तेवढीच आहे आई. मी फक्त तुझ्याकडून शिकले. म्हणून जमलं."

मला वाटलं, तिचा चेहरा पडेल. ती पानं चुरगळत हसायला लागली.

"मला काय ते कळंना व्हय? तू मागच्या टायमाला माज्या तोंडाकडं बगत हुतीस, पानाकडं न्हाय. आता पानाकडं बगितलंस." पानं तिने बांधाबाहेर टाकली. "मला वाढल्याली नगंच हाय. हुती तेवडी राह्यली का, येवडंच बगायचं हुतं." मग ती खांबाकडे वळली. "तितं काय बसलंय?"

"काहीच नाही."

"व्हय," ती म्हणाली. "न्हाय काय."

सूज उतरली. टाके काढायला बारामतीला निघाले, तर ती ठेवणीतली साडी नेसून दारात उभी.

"टाकं काढायला दोन मानसं कशाला लागत्यात?" आप्पांनी विचारलं.

"माजीबी दावून येती."

आप्पांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. तेही नंतर बऱ्याच जणांना सांगितलं त्यांनी.

आईची दाढ वाचण्यासारखी उरली नव्हती. मॅडमनी तिचं रक्त, साखर, रक्तदाब सगळं तपासून घेतलं, गोळ्या दिल्या, मिश्री बंद करायला सांगितली. मिश्री कायमची सुटली, असं मी म्हणणार नाही. पण तेवढे दिवस डबी फळीवरून खाली आली नाही, हे मी बघितलं आहे. आणि मग एका सकाळी मी बाकावर बसले होते आणि आई आत होती. मघाशी आत जाताना तिने मागे वळून एकदा माझ्याकडे बघितलं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये शिरताना मी तिच्याकडे बघायचे, तसं.

ती बाहेर आली तेव्हा गालात बोळा होता आणि डोळ्यांत पाणी. मी उभी राहिले. तिला बोटं दाखवावीत का, असा विचार मनात आला, पण हात उचलला नाही. तिने मला हाताने बाजूला केलं आणि थेट दाराबाहेर पायरीवर गेली. बाहेर रखरखीत ऊन पडलं होतं. तिने कमरेची पिशवी सोडली. तिच्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून, तिने घरून डाळिंबाची पानं आणली होती.

एकेक पान वर धरून ती बघू लागली. रस्त्याने मोटारसायकली चालल्या होत्या, दवाखान्यात येणारी माणसं तिला वळसा घालून आत जात होती. ती घाई करत नव्हती. पहिलं खाली गेलं, दुसरं खाली गेलं. तिसऱ्यावर तिचा हात थांबला. तिने ते आणखी थोडं वर केलं, एक डोळा बारीक केला, आणि मग वळून माझ्या हातात दिलं.

मी ते उन्हाकडे धरलं. अगदी देठाजवळ, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. त्यातून उजेड येत होता.

बोळा दाताखाली घट्ट धरून आईने भुवया उंचावल्या. "बराबर," म्हणून मी मान हलवली.